शिंग उजवीकडूनच

झुंदल क्रामरची जीभ काही केल्या जागेवर राहीना. उठता-बसता ती उजवीकडे जायची, जिथे परवापरवापर्यंत दात होते तिथला खड्डा चाचपून परत यायची, आणि ती परत आली की झुंदल खुर्चीतून उठायचा. खिडकीपाशी जायचा. खिडकीतून बोलिंगचं हिरवंगार मैदान दिसायचं, त्याच्या पलीकडे शुश्रूषेच्या इमारतीचं लाल छप्पर. त्या छपराखाली फ्रुमा, त्याची बायको. मग तो परत खुर्चीत. मग जीभ परत उजवीकडे.

रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, परवावर येऊन ठेपलं होतं. आणि मेलबर्नमधल्या म्हाताऱ्यांच्या या वसाहतीत दरवर्षी ज्याच्या तोंडून शोफार, म्हणजे सणाचं शिंग, वाजायचा, त्याच्या तोंडात उजव्या बाजूला आता दातच नव्हते. दातांच्या डॉक्टरणीनं सगळे एका बैठकीत काढले, वर एक गुलाबी कवळी बसवून दिली आणि म्हणाली, "आता कसे तरुण दिसता बघा!" तरुण म्हणे! मेंढ्याच्या शिंगात हवा फुंकायची तर ओठाला मागून दाताचा टेका लागतो, हे त्या बाईला कोण सांगणार? घरी आल्या आल्या झुंदलनं कपाटातून शिंग काढलं, उजव्या गालाशी धरलं आणि छाती भरून फुंकलं.

फुस्स्स.

आणि कवळी जाऊन शिंगाच्या तोंडाशी अडकली.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. त्यातलाच प्रकार!

त्यानं कुणाला सांगितलं नाही. नव्या वर्षाच्या आधी महिनाभर रोज सकाळी प्रार्थनेनंतर शोफार वाजवायचा असतो, तर त्यानं घसा बसल्याचं सोंग घेतलं, गळ्याला मफलर गुंडाळला आणि खुणेनंच "नाही जमणार" म्हणाला. त्याच्या जागी उभा राहिला हेन्रिक सालामोन. हा हंगेरीचा. उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवण्यात गेलेला. त्याचे सगळे दात त्याचे स्वतःचे होते आणि तो ते कारण नसताना दाखवायचा.

"झुंदल, तू आराम कर," तो म्हणायचा, "मी आहे ना!"

तू आहेस, हेच तर दुखणं आहे, असं झुंदलच्या ओठांवर यायचं. पण घसा बसलेला माणूस बोलणार कसा?

आता तुम्ही म्हणाल, एक वर्ष दुसऱ्यानं वाजवलं तर कुठे आभाळ कोसळणार आहे? झुंदलचं कोसळणार होतं. फ्रुमा त्याला ओळखेनाशी झाली होती. तो रोज दुपारी तिच्याकडे जायचा आणि ती रोज त्याला नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजायची. "झाला का हो नळ?" ती विचारायची. तो म्हणायचा, "झाला बाई." ती म्हणायची, "मग थांबलात कशाला?" असं वर्षभर. पण गेल्या रोश हशानाला सिनेगॉगमधली प्रार्थना आटोपल्यावर तो रिवाजाप्रमाणे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खोल्याखोल्यांतून शिंग वाजवत तिच्याकडे पोचला, फुंकलं, आणि फ्रुमानं मान वर करून चक्क म्हटलं, "झुंदल, हळू रे. शेजारी काय म्हणतील?"

बस्स, तेवढंच. दुसऱ्या मिनिटाला तो पुन्हा नळवाला. पण त्या एका वाक्यावर त्यानं आख्खं वर्ष काढलं होतं.

म्हणूनच तर त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. दुपारी कोटाच्या आत शिंग लपवून तो कचऱ्याच्या डब्यांमागे सरावाला गेला. बहुतेक आवाज येईल असं वाटतंय तोच निलगिरीवरून एक मॅगपाय सूं करत आला आणि टकलावर चोच मारून गेला. मेलबर्नचा वसंत म्हटल्यावर हे काळेपांढरे पक्षी घरट्याजवळ कुणाला फिरकू देत नाहीत, हे झुंदलला काय नवं होतं? पण ध्यान कुणाचं थाऱ्यावर होतं! दोनदा चोच खाऊन तो डोक्यावर बादली धरून परतला. वाटेत पत्ते खेळणाऱ्या बायकांनी विचारलं, "झुंदल, बादली कशाला?" तो खुणेनं म्हणाला, घसा.

नवं वर्ष सूर्यास्ताला लागतं. त्याच्या आधीच्या सकाळी शोफार वाजवायचा नाही, असा रिवाज आहे. दार लावून सराव केला तर चालतं म्हणतात. झुंदलनं धुलाईची खोली गाठली, दोन्ही ड्रायर रिकामेच सुरू करून दिले, म्हणजे आवाज बाहेर जायला नको, कवळी काढून यंत्रावर ठेवली आणि नुसत्या हिरडीवर शिंग टेकून फुंकू लागला. फुस्स. फूऽ. फुर्रर्र.

दार उघडलं. लिओनी गरशोव्ह! वसाहतीच्या कार्यक्रम समितीची अध्यक्ष. पाण्यातले व्यायाम, पत्ते, मंगळवारची गाणी, सगळं हिच्या शिट्टीवर चालायचं आणि ती शिट्टी गळ्यातून कधी उतरायची नाही. हातात ओल्या टॉवेलांचा ढीग.

"ड्रायरमध्ये मांजर अडकलंय का रे?" ती म्हणाली. मग तिची नजर यंत्रावर गेली. "झुंदल! हे तुझे?"

"नाही. यंत्राचे."

"तोंड उघड बघू." तिनं लहान मुलाचं बघावं तसं त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं. "घसा म्हणे घसा! इथे तर उजवी बाजू साफ आहे. आणि आम्ही तुला आल्याचे काढे पाठवतोय."

"कुणाला सांगू नकोस, लिओनी. पाया पडतो."

"तू माझ्या पाया पडलास तर तुला उठवणार कोण? डावीकडे आहेत ना दात? मग डावीकडून फुंक की. त्यात काय एवढं?"

"डावीकडून?" झुंदल असा दचकला की जणू तिनं डुकराचं मटण पुढे केलं. "अगं, तात्ते कान उपटतील!"

"तुझ्या तात्तेंना जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हणून काय झालं?" त्याचे वडील, त्याचे तात्ते, शेवटची वर्षं त्याच्याकडेच होते. सोफ्यावर बसून मुलाच्या सरावावर नजर ठेवायचे. शिंग जरा मधे सरकलं की काठी आपटायचे. "माणसाच्या उजव्या हाताला सैतान उभा राहतो आणि वर चुगल्या करतो. शोफार त्याच्या कानात फुंकायचा असतो. डावीकडून वाजवला तर त्याला ऐकू येणार कसा?"

"एवढा पोचलेला सैतान," लिओनी टॉवेल ड्रायरमध्ये कोंबत म्हणाली, "आणि त्याला वीतभर पलीकडचं ऐकू येत नाही? माझ्यासारखं कानात मशीन घालतो की काय?"

झुंदलला हसू आलं नाही. त्यानं कवळी खिशात टाकली, शिंग कोटात टाकलं आणि तो चालायला लागला. त्या संध्याकाळी मधात बुडवलेली सफरचंदाची फोड सगळ्यांनी कचाकच खाल्ली आणि "गोड वर्ष जावो" म्हणाले. त्यानं नुसता मध चोखून फोड रुमालात लपवली. वर्ष गोड जाणार की फुस्स, हे उद्या ठरणार होतं.

सकाळी सिनेगॉग भरलं. पांढरे कपडे, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, आणि कानातली यंत्रं सणाच्या आदल्या दिवशीच लावून ठेवलेली, कारण सणाला बटण दाबायचं नाही. झुंदल मंचावर चढला. मफलर काढला. एक म्हातारी बायकांच्या पडद्यापलीकडून म्हणालीच, "घसा सुटला वाटतं, देव पावला!" तरुण रब्बींनी हळूच पुकारलं, "तेकिया." म्हणजे एक लांब, सरळ सूर. झुंदलनं डोळे मिटले, शिंग उजव्या गालाशी लावलं आणि फुंकलं.

फुस्स्स.

पुन्हा.

फूऽस.

मागे कुणीतरी खाकरलं. पडद्याच्या फटीतून लिओनीचा एक डोळा दिसत होता आणि तो डोळा ओरडत होता, डावीकडून! रब्बी जवळ आले आणि कानात पुटपुटले, "डावीकडूनही चालतं हो. शास्त्रात बसतं."

रब्बींचं वय ते काय! त्यांनी तात्तेंना पाहिलं होतं का? झुंदलचा हात खरंच शिंग घेऊन डावीकडे निघाला, हनुवटीपर्यंत गेला, आणि तिथेच थांबला. सोफ्याजवळची काठी त्याला अगदी स्पष्ट ऐकू आली. त्यानं वळून शिंग हेन्रिकच्या हातात दिलं आणि मंचावरून उतरला.

हेन्रिकनं काय वाजवलं म्हणून सांगू! लांब सूर लांब, तुटक सूर तुटक, छोटे छोटे नऊ सूर तर मोत्यांसारखे. लोकांचे डोळे भरून आले. झुंदलला बसवेना. तो उठला, मागे गेला, प्रार्थनेच्या शालीचे गोंडे पिळत दारापाशी उभा राहिला, परत आला, परत गेला. आज फ्रुमासमोर हेन्रिक उभा राहणार. मोत्यांसारखं वाजवणार. आणि ती कुणाचं नाव घेणार?

प्रार्थना आटोपल्यावर हेन्रिक त्याच्याकडे आला. आता दात दाखवत नव्हता. "खोल्यांमधून जायचंय. चल, तूही ये. आणि हे बघ, फ्रुमाकडे तूच वाजव."

"ऐकलंस ना आवाज? सायकल पंक्चर झाली त्याचा?"

"ऐकला. लिओनीनं आत्ता दातांचंही सांगितलं."

"म्हणजे गावभर झालं!"

"गावभर नाही. फक्त मला आणि स्वयंपाकघराला."

दोघे मैदान ओलांडून लाल छपराखाली गेले. एकेका खोलीत हेन्रिक वाजवायचा आणि झुंदल दाराला टेकून उभा राहायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग फ्रुमाची खोली आली. ती खिडकीशी बसून कापडी रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. तिनं झुंदलकडे पाहिलं.

"झाला का हो नळ?"

"झाला बाई," झुंदल म्हणाला. आणि हेन्रिकला हळूच, "तूच वाजव. मला नाही जमणार."

हेन्रिकनं वाजवला. लांब, गोल, शेवटाला हलकेच थरथरणारा सूर. फ्रुमानं रुमाल खाली ठेवला. झुंदल एक पाऊल पुढे सरकला.

"बँडवाले आलेसुद्धा?" ती म्हणाली. "लग्न कुणाचं आहे?"

आणि रुमाल पुन्हा हातात.

हेन्रिकनं शिंग पुढे केलं. झुंदलनं ते घेतलं. उजव्या गालाशी नेलं, जिभेनं खड्डा चाचपला. रुमालाची एक घडी झाली, दुसरी झाली. मग त्यानं मनातल्या मनात "तात्ते, कान उद्या उपटा" म्हटलं आणि शिंग डाव्या गालाशी लावून फुंकलं.

काय तो आवाज! चिखलात रुतलेलं वासरू ओरडावं तसा. मधे फाटला, बुडाला, पुन्हा वर आला, पण लांबत गेला, लांबतच गेला, आणि कॉरिडॉरमधून कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं.

फ्रुमाच्या कपाळाला आठी पडली. ती पुढे वाकली, एवढीशी बोटं लांब केली, शिंगाचं टोक धरलं आणि ते झुंदलच्या डाव्या गालावरून ओढून उजव्या गालाशी आणून ठेवलं.

"झुंदल," ती दटावत म्हणाली, "ती बाजू नाही. उजवीकडून. तात्ते बघतायत ना?"

झुंदलच्या तोंडून शब्द फुटेना. या खेपेला सोंग नव्हतं. "हो गं," तो कसाबसा म्हणाला. "चुकलं." आणि शहाण्या मुलासारखं त्यानं उजवीकडून फुंकलं.

फुस्स्स.

"हे रे काय," फ्रुमा म्हणाली, पण आवाज आता विरत चालला होता, नजर खिडकीकडे निघाली होती, हात रुमाल शोधत होता. आता नळ. आता ती नळाचं विचारणार, हे झुंदलला लख्ख दिसलं. त्यानं घाईघाईनं शिंग पुन्हा डावीकडे नेलं. मुद्दाम. आणि वासरू ओरडलं.

"झुंदल!" बोटं परत आली. "सांगितलं ना एकदा?"

"विसरलो गं."

"विसरभोळा मेला!" तिनं शिंग सरकवलं. उजवीकडे.

शेजारच्या खोलीतून एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "अहो, आमच्याकडे कधी येताय?"

"जरा थांबा!" हेन्रिक दारातूनच ओरडला. त्याचे सगळे दात दिसत होते आणि डोळे पाण्यानं भरले होते. "इथे नवराबायकोचं भांडण चाललंय!"

झुंदलनं मोठा श्वास घेतला आणि शिंग पुन्हा डावीकडे नेलं.