खालचा परिच्छेद

"वरचा मजकूर सकाळी, खालचा परिच्छेद जेवणानंतर. आणि खालच्या परिच्छेदाशिवाय एकही कागद माझ्या टेबलावर आणायचा नाही, बाई."

टेलिफोन कचेरीत टायपिस्ट म्हणून मी रुजू झाले, त्या दिवशी हेडक्लार्कांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. चाळीस वर्षं होत आली, पण तो शांत, जरासा नाकातला आवाज अजून कानात आहे.

तेव्हा फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे. आम्ही त्यांना इंग्रजीत पत्रं पाठवायचो. वर अर्जदाराचं नाव, मिळणारा नंबर, जोडणीची तारीख. ते प्रत्येकाचं वेगळं. खालचा परिच्छेद मात्र सगळ्यांना एकच, म्हणून तो दुपारी सगळ्या कागदांवर एका बैठकीत बडवायचा. त्यात 'सब्जेक्ट टू' होतं, 'प्रोव्हायडेड दॅट' होतं आणि शेवटी 'सर्कमस्टन्सेस बियाँड अवर कंट्रोल' होतं. म्हणजे तार शिल्लक असेल तर, खांब उभा राहिला तर, तुमचे कागद पुरे असतील तर. आणि वादळ, संप, टंचाई यांतलं काही आडवं आलं, तर आम्हाला बोल लावू नका.

कचेरीत सगळे हेडक्लार्कांना पाठीमागे अटीकाका म्हणत. शिपाई तर म्हणायचा, "काका घरी चहासुद्धा 'दूध उपलब्ध असल्यास' म्हणून मागत असतील."

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, एवढ्या अटी घातल्यावर वचनात उरतं काय?"

"काही उरत नाही," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "पण इंग्रजीत ते दिसत नाही. आपल्या भाषेत लिहिलं, तर लोक दारात येऊन भांडतील."

मला हसू आलं, पण ते काम जडही जायचं. माझं सकाळचं एक व्रत आहे. दिवा लावून पाठ पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ते घेताना देवापुढे मी 'जमल्यास' म्हटलं नव्हतं. कचेरीत दिवसभर तेवढंच टाइप करायचं.

सहा महिन्यांनी काका म्हणाले, "आता तुमचं वाचत नाही. नुसती सही करतो." मला केवढा अभिमान वाटला! आणि त्याच आठवड्यात एक कागद दुपारच्या बैठकीला कार्बनच्या गठ्ठ्याखाली राहिला. संध्याकाळी तो सापडला, तेव्हा मी घाईत तसाच सहीच्या ढिगात सरकवला. खाली कोरा आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी एक शिवणकाम करणारी बाई काउंटरवर आली. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

"आज फोन बसणार ना? लाइनमन अजून आला नाही."

कारकुनाने सवयीने विचारलं, "पत्राचा खालचा भाग वाचलात का?"

"खाली काही नाहीच की! शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. ते म्हणाले, यांच्या पत्रात एकही 'पण' नाही असं पहिल्यांदाच बघतोय. म्हणून तर मुलाला नंबर कळवून टाकला. जहाजावर असतो माझा. आज बंदराला लागणार, पाच वाजता फोन करणार. दोन वर्षांत आवाज ऐकला नाही हो त्याचा."

मी उठून काकांपुढे उभी राहिले. "काका, चूक माझी आहे."

त्यांनी पत्र घेतलं, उलटं करून मागची बाजूही बघितली. टायपिंगची चूक झाली, असं सांगून तिला परत पाठवता आलं असतं. कचेरीच्या साहेबांनी तेच सुचवलं.

काका म्हणाले, "सही माझी आहे, साहेब. गुरुवार लिहिलंय, म्हणजे गुरुवार."

मग त्यांनी लाइनमनला जेवणावरून उठवलं, स्टोअरमधून तारेचं भेंडोळं स्वतः खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले, "चला बाई, तुमचं वचन कसं दिसतं ते बघा." तिच्या गल्लीत खांब नव्हताच. समोरच्या बेकरीवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या गच्चीवरून तार नेली. काकांच्या पांढऱ्या शर्टाला गंज लागला. पाचला दहा मिनिटं असताना फोन चालू झाला. साडेपाचला वाजला. ती आधी नुसती रडली, मग मुलाला ओरडली, "जेवतोस ना नीट?" आम्ही जिन्यात उभे होतो.

परतताना काका शर्टावरचा गंज झटकत होते. मग म्हणाले, "जन्मभर लोकांना असले कागद पाठवले. एक दिवस मलाही कुणीतरी सहीला देईल. माझे डोळे हे असे. मुकाट्याने सही करावी लागेल."

"मी येऊन वाचून दाखवीन. खालच्या परिच्छेदासकट."

"सब्जेक्ट टू?" त्यांनी हसत विचारलं.

"काही नाही."

काल संध्याकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. काका दोन तासांवरच्या गावी तिच्याकडे असतात. एक डोळा गेलाय. दुसऱ्याचं ऑपरेशन आज नऊला आहे. आणखी थांबलं तर तोही जाईल, असं डॉक्टर म्हणालेत.

"पण बाबा संमतीपत्रावर सहीच करत नाहीत हो, मावशी. चार पानी इंग्रजी कागद आहे. मी वाचते म्हटलं, तर म्हणतात, तू मला जपायला खालचं गाळशील. आमच्या टायपिस्ट बाई येऊन वाचतील, मग करतो."

"येते," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि सून समोर उभी. "आई, उद्या बसचा संप आहे! तुमचा गुडघा हा असा. निदान जमलं तर येते, असं तरी म्हणायचं!"

"नाही ग म्हणता आलं."

"मग जाणार कशा? उडत?"

मी कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे गेले. त्याचा टेम्पो रोज सहाला त्या गावी जातो. तो म्हणाला, "नेतो की मावशी. रस्त्यात कुणी अडवलं नाही, तर आठला पोचवतो." मला काकांची आठवण येऊन हसू आलं. तो बिचारा बघतच राहिला.

आज चारला उठले. दिवा लावला, पाठ पुरा केला, एकही ओळ न गाळता. चष्मा दोनदा पुसून पिशवीत घातला. दाराशी येते, तर सूनबाई उठलेली. तिने माझ्या हातात काठी दिली आणि गुडघ्याचा पट्टा घट्ट करून दिला.

खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून मी कडी हळूच काढली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.