आमच्या घरी मासा नाही

गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरात पूजा आटोपली की अनसूयाबाई प्रसादाची वाटी नातवाच्या हातात देत. सुनेची वाटी मात्र जमिनीवर ठेवून पुढे सरकवत. सुखदा एम.ए. झालेली, पण मासे धरणाऱ्या भोयांची. विनयशी लग्न झाल्यापासून देवघराचा उंबरा तिला बंद, आणि त्याच शहरातल्या कांचघर मोहल्ल्यातले माहेरही. त्या सकाळीही तिने वाटी उचलली. चिमुकल्या अंबरीशच्या हृदयाला भोक होते आणि दुपारी त्याला इस्पितळात भरती करायचे होते.

संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर वॉर्डात आले. "ऑपरेशन में खून मशीन से घूमेगा. जमे नहीं, इसलिए पतला करेंगे. बाद में वो असर उतारने की दवा देंगे. वो मछली से बनती है. बच्चे को मछली से एलर्जी तो नहीं?"

"राम राम! हम ब्राह्मण हैं, डॉक्टर साहब. हमारे यहाँ मछली का नाम नहीं लेते," अनसूयाबाई हसून म्हणाल्या.

डॉक्टर वळले. सुखदा त्यांच्यामागे धावली. उन्हाळ्यात ती चोरून माहेरी गेली होती. तिच्या आईच्या ताटातला माशाचा घास पोराने खाल्ला, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. इंजेक्शनने तो कसाबसा वाचला. हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हते.

"सर, रुकिए! इसको है. मेरे मायके में मछली खाई थी, साँस अटक गई थी."

"काय बोलून राहिली तू? चूप बस!" विनय ओरडला.

"काहून चूप बसू? पोराचा जीव आहे!"

अनसूयाबाईंनी वॉर्डादेखत तिच्या थोबाडीत मारली. "बाटवलंस गं माझ्या नातवाला! त्याआधी मेला असता, तर शुद्ध तरी मेला असता!"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दवा बहुत धीरे दी, फिर भी प्रेशर गिरा. हम तैयार थे, सँभाल लिया. माँ न बताती तो बच्चा हाथ से जाता."

अनसूयाबाई मुलाकडे वळल्या. "गुरुजींना फोन लाव. अंगात मासा गेला, शुद्धी करावी लागेल. आणि हिला हात लावू देऊ नको त्याला."

विनयने मोबाईल काढला.

दार उघडून नर्सने हाक मारली, "अंबरीश की माँ? एक ही जन आइए."

"मैं दादी हूँ, मैं आती हूँ," म्हणत अनसूयाबाई उठल्या. सुखदा त्यांच्यापुढून दाराकडे निघाली, तशी त्यांनी तिची ओढणी घट्ट धरली. "शिवू नको त्याला!"

"आई, आता तो माझ्यासंगं कांचघरलाच राहील," सुखदा म्हणाली.

ओढणी सासूच्या मुठीत राहिली. सुखदा आत गेली.