सेल्विनने सांगितलेली वाट

या, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या, बाकावर जागा आहे. आज एका अशा माणसाची गोष्ट सांगायची आहे, ज्याला प्रभूकडून हवं होतं ते मिळालं नाही, आणि मिळालं ते त्याने भर मंडळीत, सगळ्यांच्या तोंडावर कबूल केलं. मध्येच टाळी वाजवावीशी वाटली तर वाजवा. आमच्याकडे प्रवचन गातात, आणि गाण्याला टाळीवाचून चव नाही.

सेंट व्हिन्सेंट बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बॅरुअली गावात सेल्विन डरंट राहायचा. काळ्या देवमाशाच्या शिकारीला निघणाऱ्या होडीचं सुकाणू त्याच्या हातात असे. दार भरून टाकणारा माणूस. आवाज तर असा, की वाऱ्याच्या तोंडावर त्याने हाक दिली तरी पुढच्या होडीतले लोक मागे वळून बघायचे. रविवारी त्याने गाणं उचललं की प्रार्थनाघराचे पत्रे थरथरत, आणि म्हाताऱ्या बायका म्हणत, आत्मा आला, आत्मा आला.

त्या वर्षी मंडळीचा जुना कप्तान वारला. कप्तान म्हणजे उपासनेचं सुकाणू सांभाळणारा. कुठलं गाणं कधी उचलायचं, कुठे थांबवायचं, मंडळी भरकटली तर तिला मार्गावर कसं आणायचं, हे सगळं त्याच्याकडे. नवा कप्तान कोण, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. सेल्विनला तर मुळीच नव्हती.

पण आमच्यात माणूस माणसाला नेमत नाही. ज्याचं त्याचं कृपादान प्रभूच दाखवतो, आणि ते शोधायला शोकाला बसावं लागतं. नावावर जाऊ नका, तिथे रडारड नसते. प्रार्थनाघरामागच्या छोट्या खोलीत, जमिनीवरच्या गोणपाटावर, डोळ्यांना पट्ट्या बांधून आठ दिवस पडून राहायचं, प्रार्थना करायची, आणि आत्म्यात जो प्रवास घडेल तो घडू द्यायचा. कुणी घंटा घेऊन परततं, कुणी पहारेकऱ्याची काठी, कुणाच्या हाती काहीच लागत नाही. मग रविवारी मंडळीपुढे उभं राहून आपली वाट सांगायची: कुठून गेलो, काय पाहिलं, काय मिळालं. जे सांगाल ते तुमचं काम, मरेपर्यंत.

सेल्विनची बायको आयोनी इतकी निर्धास्त, की नवरा आत जायच्या आधीच तिने कप्तानाचा लाल पट्टा शिवून ठेवला. हे माय युडोराच्या कानावर गेलं. माय युडोरा म्हणजे चिमणीएवढ्या चणीची, ऐंशीला टेकलेली बाई. शोकाला बसणाऱ्यांना पट्ट्या बांधायच्या आणि त्यांच्या वाटा ऐकायच्या, हे काम ती चाळीस वर्षं करत होती. तिने आयोनीला विहिरीपाशी गाठलं.

"पोर पोटात नाही, आणि टोपडं शिवून तयार होय ग?"

आयोनी लाजली. पट्टा मात्र तिने उसवला नाही.

चेष्टा करायला डाल्टन होताच. सेल्विनच्याच होडीत तो भाला फेकायचा. तीस वर्षांची मैत्री, पण मंडळीत कधी पाऊल टाकलं नाही. रमच्या दुकानाच्या पायरीवरून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झोपून कप्तान होता येत असेल, तर मी कधीचाच ॲडमिरल झालोय."

सेल्विन आत गेला. पहिला दिवस काही नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. डोळ्यांपुढे अंधार आणि पाठीखाली जमीन. दोन म्हाताऱ्या नर्स त्याला आरारुटाची पेज भरवत, कूस बदलवत, ओल्या फडक्याने अंग पुसत. आमच्यात नर्स हेही कृपादानच, पण ते बायकांनाच मिळायचं. वादळात होडी आणणारा गडी बाईच्या हातून तोंड पुसून घेताना शरमेने आक्रसून जाई. तहान लागली तरी पाणी मागत नसे.

पाचव्या दिवशी दुपारी तो प्रवासाला निघाला. परत आला तेव्हा घामाने भिजला होता, आणि त्याने माय युडोराला बोलवा असं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये फक्त "पुढे?" म्हणायची. शेवटी त्याने विचारलं, वाट सगळीच सांगावी लागते का.

"किती सांगायची ते तुझं तू बघ," माय म्हणाली. "मी डोळे बांधते, तोंड नाही."

उरलेले तीन दिवस सेल्विनला झोप लागली नाही. त्याने जे पाहिलं होतं त्यातल्या पहिल्या अर्ध्या वाटेत सुकाणू होतं. खरंखुरं सुकाणू, पितळी कड्यांचं. तिथेच थांबलं तर? एकही खोटा शब्द न बोलता कप्तान होता येत होतं. मंडळीला तो हवा होता, आयोनीला हवा होता, त्याला स्वतःला तर लहानपणापासून हवं होतं. आणि माय युडोरा त्याच्या तोंडातून शब्द ओढून काढणार नव्हती. हे तर त्याला जास्तच छळत होतं.

रविवारी त्याला बाहेर आणलं. मंडळी गच्च भरलेली. गंमत बघायला डाल्टन खिडकीशी उभा. सेल्विन मधल्या खांबापाशी उभा राहिला आणि आमच्या रीतीप्रमाणे त्याने अर्धं बोलत अर्धं गात वाट सांगायला सुरुवात केली. एका लांब दरीतून चाललो, तो गायला. चाल बाबा चाल, मंडळी म्हणाली. दरीच्या टोकाला बंदर होतं, बंदरात पांढरं जहाज होतं. चढ बाबा चढ. जहाजावर सुकाणू होतं.

झालं. सगळी मंडळी उठून उभी राहिली. टाळ्यांनी बाकं हादरली. "धर कप्तान, धर!" आयोनीने पिशवीत हात घातला.

सेल्विन थांबला. इतका वेळ थांबला, की टाळ्या एकेक करून विझल्या. नंतर तो सांगायचा, त्या क्षणी समुद्रातल्या कुठल्याही लाटेपेक्षा त्याला आयोनी होती तो पहिला बाक जास्त भयंकर वाटला.

"सुकाणूपाशी पांढऱ्या कपड्यांतला माणूस होता," तो म्हणाला. आता गाणं नव्हतं, साधं बोलणं होतं. "तो म्हणाला, सुकाणू धरायला हात आहेत. तू खाली जा."



मग त्याने सगळं सांगितलं. खाली तळघरात गोणपाटावर माणसं पडली होती, ओळीने, आजारी. तो परत वर जायला निघाला. जिना चढला, आणि चढून पुन्हा तळघरातच पोचला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा कुणीतरी त्याच्या हातात पाण्याचं घमेलं आणि टॉवेल दिला. कमरेला पांढरा एप्रन बांधला.

खिडकीतून डाल्टन मोठ्याने म्हणाला, "चला, आता होडीत बाळंतपणाचीही सोय झाली."

मंडळीतले पुरुष हसले. काही बायकाही हसल्या. आयोनीचा हात पिशवीतच राहिला. सेल्विनची मान खाली गेली, पण तो बसला नाही, कारण वाट अजून संपली नव्हती.

"मी एका माणसाचे पाय धुतले," तो म्हणाला. "तोंड बघितलं नाही, मला राग आला होता. नुसते पाय धुवत होतो. पावलावर जखम होती. जुनी. या बाजूने त्या बाजूपर्यंत, खिळा ठोकल्यासारखी, आरपार."

सांगू का, तेव्हा त्या घरात काय झालं? हसलेल्या पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मग माय युडोरा उठली, तिने आपल्या कमरेचा एप्रन सोडला आणि त्याला बांधायला गेली. चिमणीचा एप्रन दारभर माणसाला कसा पुरावा? बंद मागे भेटेनात. शेवटी दोन टाचण्या लावल्या.

आयोनी मंगळवारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. मंगळवारी नीरफणस भाजता भाजता म्हणाली, "मला कप्तानाची बायको व्हायचं होतं रे."

"मलाही कप्तान व्हायचं होतं," सेल्विन म्हणाला. मग दोघांनी एका ताटात खाल्लं.

आता यातली देवाची करणी ऐका. आमच्या मंडळीत पुरुष शोकाला फारसे बसतच नसत. सोमवारी जिच्याकडून मासळीच्या दरावर शिव्या खायच्या, तिच्या हातून रविवारी अंग पुसून घ्यायचं, हे कुणाला सोसणार? सेल्विन नर्स होऊन आत आल्यावर त्या वर्षी तिघे बसले, पुढच्या वर्षी सात. त्या सातांत बस चालवणारा एक किडकिडीत गडी होता. त्याचा आवाज बेताचा, पण गाणं कुठे थांबवायचं ते त्याला नेमकं कळतं. तो कप्तान झाला. सेल्विननेच त्याला चमच्याने पेज भरवली होती, आणि तो आपली वाट सांगत होता तेव्हा सगळ्यात आधी टाळी सेल्विनची पडली. आधी, पण लगेच नाही. मनातल्या मनात एक आवंढा गिळावा लागला, असं त्याने स्वतःच सांगितलंय.

आणि चौथ्या वर्षी डाल्टन आला. का आला ते त्याने कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा धीर सुटला. पट्ट्या ओढू लागला, भिंतीवर लाथा मारू लागला. सेल्विनने त्याचे दोन्ही हात धरले. वाऱ्याला ऐकू जाणारा तो आवाज आता इतका हळू, की गोणपाटापलीकडे जाऊ नये.

"कोण आहे?" डाल्टनने विचारलं.

"मी."

"म्हणजे तूच. लेका, बाहेर कुणाला सांगू नकोस."

"गप पड. पाय इकडे कर."

"घाण आहेत रे माझे पाय."

"म्हणून तर धुतोय."

डाल्टन रडला, आणि पोटभर रडला. ही गोष्ट सेल्विनने कधीच सांगितली नाही. डाल्टननेच ती रमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली.

सेल्विन आता सत्तरी ओलांडून गेलाय. होडी सोडली, घमेलं सोडलं नाही. जमिनीवर वाकून वाकून दोन्ही गुडघे गेलेत, उठताना भिंत धरतो आणि कुणाला कळू नये म्हणून गाणं गुणगुणतो. तेव्हा एवढंच मागणं आहे. आज रात्री प्रार्थनेला गुडघे टेकाल, आणि स्वतःसाठी मागायचं ते मागून झालं, की उठण्याआधी सेल्विन डरंटची आठवण काढा, आणि त्याच्या गुडघ्यांसाठी एक शब्द टाका.