हरवलेल्या वंशातला माणूस

जळकोटजवळच्या वाडीत व्यंकटराव पत्र्याच्या खोलीत दर रविवारी प्रार्थना घ्यायचे. प्रार्थना झाली की ठरलेलं सांगायचे, "आपुन मूळचे हितले न्हाईत. इस्राएलचा एक वंश वाट चुकून हिकडं आला, त्येच आपुन. येशूचं नाव कानावर पडायच्या आधीपासून आपले आजे-पणजे मढं पुरतेत. ही खूण हाय."

मंडळीला ते पटायचं. गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांना एवढं मोठं घराणं मिळत होतं.

त्यांचा मुलगा प्रीतम गवंडीकाम करायचा. इमारतीच्या कामावर तो इस्राएलला निघाला तेव्हा व्यंकटरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "लोकं म्हणतेत कामाला चालला. तू घरला चाललास."

महिन्याभरानं प्रीतमचा फोन आला. "आबा, हितल्या ज्यू मुकादमाला म्हणलं, आमी तुमच्यातलेच. लई हसला."

"तुला नीट सांगता आलं नसंल."

"सांगितलं की," प्रीतम म्हणाला, आणि त्यानं बायकोला, अक्षराला, फोन द्यायला सांगितला.

पावसाळा संपताना तो परांचीवरून पडला. जागीच गेला. कंपनीच्या माणसानं फोनवर हिंदीत विचारलं, मयत पाठवायची की तिथंच दफन करायची?

"तिथंच," व्यंकटराव म्हणाले. "बापजाद्यांच्या मातीत."

सून अक्षरा लेकराला घेऊन दारात उभी होती. "मामा, तुमचे बापजादे त्या वढ्याच्या कडंला हायेत. मला माझा नवरा आणून द्या."

त्यांनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस बोलला. ज्यूंच्या दफनभूमीत फक्त ज्यूंनाच घेतात. परक्यांसाठी वेगळी जागा आहे, गावापासून लांब.

"परके म्हंजे कोन?"

"आप लोग, चाचा."

वेगळी जागा, गावापासून लांब. व्यंकटरावांनी दाराबाहेर, वेशीकडं बघितलं. मग म्हणाले, "पाठवा."

हैदराबादच्या विमानतळावरून मयताची पेटी घेऊन गाडी आली. पेटी उघडू नका, असं बजावलं होतं. अक्षरा लाकडावर तळहात फिरवत राहिली, जणू आत कुठं डोकं आहे ते शोधत होती. ओढ्याकाठी खड्डा खणून ठेवला होता. मंडळी प्रार्थनेसाठी व्यंकटरावांकडं बघत होती. त्यांनी बायबल उघडलं आणि मिटून काखेत धरलं.

"माती द्या, मामा," अक्षरा म्हणाली.

त्यांनी मूठभर माती टाकली. पेटीवर ती वाजली. अक्षरानं लेकराला कडेवर घेतलं आणि भावाच्या गाडीवर बसून चाकूरला, माहेरी निघून गेली.