टायटॅनिकचा खिळा

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. विपुल सर म्हणवून घेणारा एक माणूस माइकवरून सांगत होता, "टायटॅनिक हिमनगावर आपटून बुडाली, असं तुम्हाला शिकवलं. साफ खोटं. काही बड्या शेठांनी आपले विरोधक तिच्यावर चढवले, स्वतःचं तिकीट ऐन वेळी रद्द केलं आणि जहाज बुडवलं. ते मंडळ आजही आहे. तुमची प्रगती तेच अडवतात. तुमच्या एरियात त्यांचा माणूस कोण, ते हा सांगेल."

त्याने दोऱ्याला बांधलेला गंजका खिळा उंच धरला. तो म्हणे त्याच जहाजाचा.

पहिल्या रांगेतल्या नंदकिशोरला हे सगळं एकदम पटलं. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात तो आणि तळवलीचा गोटीराम अकरा वर्षं एकाच मशीनवर होते. मग गोटीरामने गावातल्या जमिनीवर इमारत उभी केली, इथे चौकात ऑफिस थाटलं. नंदकिशोर अजून त्याच मशीनवर होता. गोटीराम भेटला की आग्रहाने चहा पाजायचा. तो चहा नंदकिशोरला कडू लागायचा.

लोकांकडून एरियातल्या पाच श्रीमंतांची नावं घेऊन सरांनी त्यांच्या चिठ्ठ्या टेबलावर गोल मांडल्या आणि दोरा नंदकिशोरच्या हाती दिला. "हात हलवायचा नाही."

खिळा थरथरला आणि गोटीरामच्या चिठ्ठीकडे झोके घेऊ लागला.

"चला त्याच्या ऑफिसवर," मागून कुणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या.

तेवढ्यात क्रांती पुढे आली. ती नंदकिशोरची मेहुणी, शाळेत विज्ञान शिकवायची. "भावोजी, आधी डोळ्यांना रुमाल बांधा. मी चिठ्ठ्यांच्या जागा बदलते."

"खिळ्याला संशय चालत नाही," सर म्हणाले.

"नाव खिळाच ओळखतो ना? मग धरणाऱ्याचे डोळे बांधले तर काय बिघडतं? रुमाल तर भावोजींना बांधायचाय."

लोकांनाही ते पटलं. रुमाल बांधला. खिळा एकदा रिकाम्या कोपऱ्याकडे गेला, एकदा भलत्याच डॉक्टरच्या नावाकडे. मग क्रांतीने दोरा खुर्चीच्या पाठीला बांधला. खिळा ढिम्म.

"बोटांची बारीकशी हालचालही दोऱ्याला पुरते," ती म्हणाली. "धरणाऱ्याला ती कळतसुद्धा नाही. मनात जे नाव, तिकडे खिळा. आणि त्या जहाजावर खालच्या वर्गातली गरीब माणसंच जास्त मेली. तिकीट तर बऱ्याच जणांनी रद्द केलं होतं. सगळेच कटवाले का?"

"आज कंपनं जुळत नाहीत," म्हणत सरांनी खिळा खिशात घातला.

नंदकिशोरने रुमाल सोडला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने माइक घेतला.

"खिळ्याने काही सांगितलं नाही. मी गोटीरामवर जळतो. ते कबूल करण्यापेक्षा त्याला कटवाला ठरवणं मला सोपं गेलं. तुमच्याही मनात असं एखादं नाव असेल. त्याच्या दारात जाण्याआधी पुरावा मागा. नाही मिळाला, तर गप घरी जा."

लोक बाहेर पडले. गोटीरामच्या ऑफिसकडे कुणी वळलं नाही. नंदकिशोर मात्र वळला, एकटाच. झालं ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.