आरामातले बावन्न वॅट

माझं आणि माझ्या बायकोचं काम एकच. बाजारात येणारे डेस्कटॉप कॉम्प्युटरचे प्रोसेसर तपासायचे: किती भरभर चालतात आणि त्यासाठी किती वीज खातात. फक्त ती तिथे, मी इथे, आणि मधे अख्ख्या दिवसाचा प्रवास. चार वर्षांपूर्वी कंपनीनं दुसरी लॅब काढली आणि हिला तिथली प्रमुख करून पाठवलं. बढती म्हणे! डोंबलाची बढती.

दुसरी लॅब कशाला, तर पहिलीचा आकडा पडताळायला. दोन्हीकडे तोच प्रोसेसर, तोच मदरबोर्ड, तोच पंखा. आकडे दोन्ही लॅबच्या वरच्या मोठ्या मॅडमकडे जाऊन पक्के होईपर्यंत एका लॅबनं दुसरीशी चकार शब्द बोलायचा नाही. त्यात नवरा-बायकोलाही सूट नाही. फोन नाही, निरोप नाही. एरवी निदान तिचा आवाज तरी कानावर पडायचा, तपासणीच्या आठवड्यात तोही बंद.

मग यंदा मोठ्या मॅडमनी जाहीर केलं. सलग तीन वेळा दोन्हीकडचे आकडे दोन वॅटच्या आत जुळले, तर दुसरी लॅब बंद आणि तिथली माणसं परत इथे. दोनदा जुळले. तिसरी खेप उरली. आई रोज विचारायची, "सूनबाई कधी येणार रे?" मी म्हणायचो, "मला काय विचारतेस? प्रोसेसरला विचार."

तिसरा प्रोसेसर सोमवारी बसवला. आधी सगळी ताकद लावून पळवला, सॉकेटजवळच्या मीटरवर दोनशे सत्त्याऐंशी वॅट. मग आरामाची चाचणी. यात मशीन चालू ठेवायचं, पण काम काहीच द्यायचं नाही. रिकामा प्रोसेसर झोपी जातो, आणि झोपेत किती वीज खातो ते अर्धा तास मोजायचं. बावन्न वॅट आले. जरा जास्तच वाटले, पण म्हटलं, नवा माल आहे, असेल खादाड. दिले पाठवून.

ही इथे असती तर तिथल्या तिथे माझा कान धरला असता. अर्धा वॅट इकडचा तिकडे झाला तरी ही सगळं मशीन खोलून पुन्हा बसवते. मला धांदरट म्हणते, मी तिला हेडमास्तरीण म्हणतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघंही सुधारलो नाही.

शुक्रवारी दुपारी मोठ्या मॅडमचा दोघांना मेल आला. पूर्ण ताकदीचे आकडे जुळले, आरामाचेही जुळले, दोन्हीकडे बावन्न. कुणाला दुरुस्ती करायची असेल तर सोमवारी बारापर्यंत करा, मग शिक्का.

मी खुर्चीतून उडालोच. घरी जाऊन कपाटातला हिचा कप्पा रिकामा केला, चार वर्षं त्यात माझेच शर्ट कोंबलेले. हिची उशी उन्हात टाकली. आई नुसती बघत होती आणि डोळे पुसत होती.

शनिवारी सकाळी मशीन खोलायला गेलो. बंद करण्याआधी चालू प्रोग्रामची यादी उघडली, आणि त्यात निरोपांचा प्रोग्राम! अरे देवा. तो मीच टाकला होता. तपासणीच्या खोलीत फोन नेता येत नाही. म्हटलं, नियम आपण मोडायचा नाही, पण तिनंच मोडला आणि काही लिहिलं, तर ते वाचायचं राहून जायला नको. हा प्रोग्राम सारखा उठून बघतो, आला का निरोप, आला का निरोप. प्रोसेसरला गाढ झोपूच देत नाही. तो बंद केला आणि पुन्हा अर्धा तास मोजलं. सेहेचाळीस.

मग माझी ट्यूब पेटली. माझे बावन्न चुकीचे, तर तिचे बावन्न आले कुठून? म्हणजे तिच्या मशीनवरही तोच प्रोग्राम उघडा होता. जगाला शिस्त लावणारी बाई आठवडाभर माझ्या निरोपाची वाट बघत बसली होती, आणि मी तिच्या. दोघांपैकी एकानंही एक अक्षर पाठवलं नाही. मी एकटाच हसलो आणि मग चक्क रडलो. इतकी आठवण आली तिची की तसंच उठून स्टेशन गाठावं असं वाटलं.

पण विचारायची सोय नव्हती, ठरवायचं मलाच होतं. गप्प बसलो तर जुळलेलं जुळलेलंच राहणार. पण मी हिला ओळखून आहे. मशीन खोलण्याआधी ही ती यादी दहादा बघणार. चूक सापडणार, आणि जीव गेला तरी ही ती दडपणार नाही. ही सेहेचाळीस पाठवणार, माझे राहणार बावन्न, आणि सगळ्यावर पाणी. शिवाय खोट्या आकड्यावर तिला घरी आणलं, तर तिच्या तोंडाकडे कुठल्या तोंडानं बघू? सोमवारी सकाळी दुरुस्ती पाठवून दिली. सेहेचाळीस, चूक माझी. जन्मात पहिल्यांदा हिच्यासारखं वागलो म्हणून छातीही जरा फुगली.

सव्वाबाराला मेल आला. पहिली लॅब सेहेचाळीस, दुसरी लॅब बावन्न. सहा वॅटचा फरक. दुसरी लॅब चालू राहील, मोजणी पुन्हा पहिल्या खेपेपासून.

मी तो मेल तीनदा वाचला. तेवढ्यात बाहेरच्या खणात माझा फोन वाजला. तिचाच होता.

"दुरुस्ती तू पाठवलीस?"

"हो. का गं, तुला चूक सापडली नाही?"



"सापडली. शुक्रवारीच."

"मग?"

"मग काय! म्हटलं, माझा धांदरट, याला सात जन्मांत कळायचं नाही. याचे बावन्नच राहणार. म्हणून मीही बावन्नच ठेवले. चौदा वर्षांच्या नोकरीत कधी खोटा आकडा ठेवला नव्हता रे मी. घरी यायचं होतं मला."