तीर्थाआधीची गोळी

माझी सून प्रतिक्षा पेणला गुणाजीशेठच्या गणपती कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे पुष्कळ मिळतात, पण डोळे कुणाच्याही हाती देत नाहीत. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढावी लागते. मध्येच श्वास घेतला की रेघ तिथे जाड होते, आणि मग तो देव दीड दिवस झोपेतून उठल्यासारखा बघत बसतो, असं ती म्हणते.

चार वर्षांपूर्वी तिचा हात कापायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. वजन उतरलं, बसल्या जागी छाती धडधडायची. थायरॉईड फार जोरात चाललंय असं निघालं. वर्षभर औषधं करून ते आवरेना, तेव्हा मुंबईच्या इस्पितळात तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. एवढीशी कॅप्सूल, पण घरी आल्यावर काही दिवस सगळ्यांपासून लांब राहायचं, ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळं. मी ताट दाराशी ठेवायची तर ही आतून म्हणायची, "आई, शिवू नका हां मला. तुमच्यापेक्षा कडक सोवळ्यात हाय मी आता!"

काही महिन्यांनी थायरॉईडची ती ग्रंथी शांत झाली, ती कायमचीच. आता जे शरीर बनवत नाही ते गोळीतून घ्यायचं, जन्मभर. मला ऐकूनच कसंतरी झालं. ती म्हणाली, "हात राहिला ना आई? मग गोळी तर गोळी."

आणि ती गोळी तिने एक दिवस चुकवली नाही. पहाटे साडेपाच, उपाशीपोटी, पाण्याचा घोट, पुढे तासभर चहासुद्धा नाही. कोलाडला लग्नाला गेलो तरी पदराच्या टोकाला स्ट्रिप बांधलेली. हरतालिकेच्या निर्जळ उपासालाही तिने गोळी घेतलीच. शेजारच्या काशीबाईंनी लगेच टोकलं, "पाणी प्यायलीस ना? मंग उपास कसला गो?"

"काशीआत्या, वरती माझी फाईल पोचलीय. घोटभर पाण्याची सूट मंजूर हाय."

मी सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या करते. लक्ष वातीही करून झाल्या. पण माझ्या प्रत्येक नेमाला उद्यापन असतं. जेवण घालायचं, दान द्यायचं, संपलं. हिच्या नेमाला उद्यापनच नाही. मी विशालला, माझ्या मुलाला, कितीदा म्हटलं की व्रत करावं तर तुझ्या बायकोसारखं. तो धाटावला कंपनीत आहे. रात्रपाळी करून आलेला, जांभई देत म्हणायचा, "हिला सांग की मग, मला काय सांगतेस."

तिला कधी सांगितलं नाही. सुनेची तोंडावर स्तुती करायची आमच्यात सवय नाही.

गेल्या दत्तजयंतीला मी वर्षाचा नेम धरला. पहाटे पाचला पूजा, देवाला पंचामृताचा अभिषेक, आणि घरातल्या कुणाच्याही पोटात तीर्थाआधी काही जाणार नाही. संकल्प सोडताना मनात सर्वांत आधी प्रतिक्षाचंच आरोग्य होतं. ती साडेपाचला देवघराशी यायची. बाकीच्यांना मी पळीभर तीर्थ द्यायची, तिला मात्र अर्धी वाटी. दूध, दही, तूप, मध, साखर. म्हटलं अंगी लागेल. ते पिऊन, हात डोक्याला पुसून ती तिथेच पाण्याबरोबर गोळी घ्यायची. तिचा नेम आणि माझा नेम असे शेजारी शेजारी बघून मला फार बरं वाटायचं.

माघात ती सुस्तावली. पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला, दुपारच्या उन्हातही अंगावर शाल. थंडी बाधली असेल असं आम्ही धरून चाललो. तेवढ्यात शिमग्याच्या सुमारास रोह्याला तिच्या आईचा पाय मोडला. ती माहेरी राहायला गेली आणि तिथून गाडीने पेणला कामाला येऊ लागली. दोन महिन्यांनी परत आली तर चेहरा पुन्हा पहिल्यासारखा, आवाज खणखणीत.

पण आमच्या घरी महिना-दीड महिना झाला, आणि पुन्हा तेच. जिना चढताना थांबायची. हाक मारली की उत्तर जरा उशिरा यायचं.

काशीबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "रोह्याचं पाणी मानवतं वाटतं तुझ्या सुनेला. हितं काय काटे हायत काय गो?"

मी हसले. पण ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर स्वयंपाकघरात फिरत होतं.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी ती कारखान्यातून लवकर आली. हातपाय धुतले नाहीत, तशीच बसली.

"शेठनी ब्रश काढून घेतला," ती म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, पोरी, तुझी रेघ झोपायला लागलीय. तोवर मुकुटाला सोनेरी मार."

"तोवर म्हणजे?"

"श्रावण लागेपर्यंत. मग डोळ्यांची घाई सुरू होते. तोपर्यंत हात आला नाय तर ते दुसरा माणूस ठेवणार. कायमचा." आणि मग एकदम, "आई, हातासाठीच तर ते आयोडीन घेतलं होतं ना मी?"

मी हातपाय धुवायला तिला पाणी काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. टीएसएच फार वाढलेला, म्हणजे गोळी अंगात पुरत नव्हती. प्रतिक्षाने रोह्यात असताना नेहमीची तपासणी केली होती, तो रिपोर्ट त्यांनी शेजारी ठेवला. तो अगदी हवा तसा.

"गोळी चुकते का मधे?"

"एक दिवस नाही," मीच बोलले. तेवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत होते.

"कशाबरोबर घेतेस?"

"पाण्याबरोबर," प्रतिक्षा म्हणाली.

"उपाशीपोटी?"

तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. "हो."

त्या डोस वाढवायला चिठ्ठी लिहू लागल्या. मी मात्र तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. इतक्या वर्षांत या मुलीने माझी नजर कधी चुकवली नव्हती. आणि मग मला काशीबाईंचं ते रोह्याचं पाणी आठवलं.

"बाई," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान, त्यांना दोनदा विचारावं लागलं. "बाई, ती आधी तीर्थ घेते. पंचामृत. अर्धी वाटी. मी देते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दूध-दही?"

"हो. रोह्याला नव्हतं. तिथे कोण देणार?"

त्या रागावल्या नाहीत. दुधातल्या कॅल्शियममुळे ही गोळी पोटात नीट शोषली जात नाही, आधी गोळी आणि तासाभराने बाकी सगळं, एवढंच त्यांनी समजावलं. डोस तोच ठेवला. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू म्हणाल्या.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना? दूध चालत नाही ते?"

"चहा-दूध नको म्हणाले होते. पण तीर्थ... मला वाटलं, देवाचं आहे, त्याने काय होतंय. नंतर नंतर शंका यायची." चपलेने खडा उलटसुलट करत ती म्हणाली, "तुमचा वर्षाचा नेम होता आई. माझ्या एका गोळीपायी मोडला असता."

"आणि हात गेला असता तर?"

तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षात बसल्यावर मीच म्हटलं, "तुझ्यासारखा नेम मला जन्मात जमला नाही. तो मोडणारी मी कोण गो?" तिने चमकून माझ्याकडे बघितलं, आणि मग खिडकी नसलेल्या त्या रिक्षातून बाहेर बघत डोळे पुसले.

दुसऱ्या पहाटे मी देवासमोर बसून सरळ सांगितलं. नेम मी धरला, तो माझ्या तोंडापुरता. दुसऱ्याच्या तोंडावर नेम घालायला मला कुणी सांगितलं होतं? प्रतिक्षाने स्वयंपाकघरात पाण्याचा घोट घेतला, गोळी गिळली, आणि साडेसहानंतर, केस विंचरून, तीर्थाला हात पुढे केला. पळीभर.

काशीबाईंना कळायचं ते कळलंच. "मोडलंस ना व्रत?"

"मोडलं नाय. मापात आणलं."

"आता देव कोपला मंजे?"

"तर माझ्यावर कोपेल. तिच्यावर कशाला?"

सहा आठवडे ती मुकुट, सोंडेची नक्षी, पितांबराचे काठ रंगवत राहिली. तिच्यानंतर शिकायला आलेल्या पूजा नावाच्या पोरीच्या हातात ब्रश होता, तर ही तिलाच कोपर कुठे टेकायचं ते दाखवायची. कुरकूर नाही. घरी आल्यावर मात्र जुन्या वहीवर डोळे काढत बसायची, पानंच्या पानं. पहिल्या पंधरवड्यातले डोळे पेंगलेले. मग हळूहळू एखादी जोडी जागी होऊ लागली.

रिपोर्ट श्रावण लागायच्या दोन दिवस आधी आला. चांगला होता. पण शेठ कागद बघणार नव्हते, रेघ बघणार होते. त्या दिवशी डबा द्यायचं निमित्त करून मी कारखान्यात गेले. शेकडो गणपती, सगळे पांढऱ्या कोऱ्या डोळ्यांचे, ओळीने बसलेले. गुणाजीशेठनी घरगुती मापाची एक मूर्ती तिच्यापुढे सरकवली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

तिने ब्रश पाण्यात बुडवला, रंगात फिरवला, टोक ओठाशी नेऊन बारीक केलं. श्वास घेतला. मीही घेतला. रेघ निघाली, एकाच वेगात, कोपऱ्यापर्यंत. मग दुसरी. मग बुबुळं.

शेठ खाली वाकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "हं," म्हणाले. मग मागे वळून हाक दिली, "पूजा, आळीच्या मंडळाची ती मोठी मूर्ती इकडे घ्यायला सांग. हिच्यापुढे."

माझे हात आपोआप जोडले गेले. मूर्तीपुढे की कुणापुढे, मला विचारू नका.

"आई," प्रतिक्षा मान वर न करता म्हणाली, "जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.